कोणत्या निर्णयाला कोणती नेतृत्वशैली: लहान प्रॉडक्ट टीम चालवणाऱ्यांसाठी

पणजीत, पर्वरीत किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सॉफ्टवेअर बनवणारी टीम बहुधा सहा ते दहा जणांची असते. एक प्रॉडक्ट मॅनेजर, एक टेक लीड, तीन-चार डेव्हलपर, एक टेस्टर आणि अर्धा वेळ दुसऱ्या टीमला दिलेला डिझायनर. यातला टेक लीड बहुतेक वेळा कालपर्यंतचा सगळ्यात चांगला डेव्हलपर असतो. कोड कसा लिहायचा हे त्याला पक्कं ठाऊक असतं, माणसं कशी चालवायची हे कोणी शिकवलेलं नसतं. मग तो दोनपैकी एक वाट धरतो. एकतर प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हातून जाऊ देतो, नाहीतर ‘तुम्ही हुशार आहात, ठरवा’ म्हणून बाजूला होतो. पहिल्या वाटेने टीम त्याच्या टेबलापाशी अडून बसते, दुसरीने रिलीजच्या (नवी आवृत्ती ग्राहकांसाठी सोडण्याच्या) आदल्या रात्री भांडण होतं.

हे मार्गदर्शन त्या लीडसाठी आहे. शैली स्वभावाला बांधू नका, निर्णयाला बांधा. एकाच सकाळी एका विषयात हुकूम द्यावा लागतो आणि दुसऱ्यात तोंड बंद ठेवावं लागतं. आत्ता आपण यातलं काय करतोय हे टीमला आधी सांगणं ही त्याला लागून असलेली अट. ती पाळली नाही, तर अचूक निवडलेली शैलीसुद्धा मनमानी वाटते.

चार शैली पुरतात

या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण सुरुवात कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांच्या, १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगापासून करावी. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे छंदवर्ग त्यांनी तीन तऱ्हांनी चालवले: हुकमाने, चर्चेने आणि मोकळं सोडून. मोकळं सोडलेल्या गटात काम सगळ्यात कमी झालं. हुकमाच्या गटात काम भरपूर झालं, पण मोठा माणूस खोलीबाहेर गेला की ते घसरायचं. चर्चेने चालणाऱ्या गटात तो असो-नसो, काम जवळपास तसंच चालू राहायचं. प्रॉडक्ट टीमच्या लीडने यातली खोलीबाहेर जाण्याची कसोटी लक्षात ठेवावी. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

१९६९ मध्ये पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी शैली समोरच्याच्या तयारीप्रमाणे बदलावी असं मांडलं. २००० मध्ये डॅनियल गोलमन यांनी सहा शैली सांगितल्या. रोजच्या कामाला मात्र चार पुरतात.

आदेश: लीड ठरवतो, टीम करते.
सल्ला: लीड सगळ्यांचं ऐकतो, मग स्वतः ठरवतो.
सहमती: सगळे मिळून ठरवतात, लीडचं मत बाकीच्यांइतकंच.
सोपवणं: दुसरा कोणीतरी ठरवतो, लीडला नंतर कळतं.

भांडणं जास्त करून सल्ला आणि सहमती यांच्या सीमेवर होतात. लीडच्या मनात सल्ला असतो, टीमला वाटतं सहमती चालू आहे. तासभर चर्चा होते, पाच जण एका बाजूला झुकतात, आणि लीड दुसरंच ठरवतो. ‘मग आम्हाला विचारलंच कशाला?’ हा प्रश्न तिथे जन्म घेतो, आणि पुढच्या बैठकीत कोणी तोंड उघडत नाही. यावर उपाय एका वाक्याचा आहे. बैठकीच्या सुरुवातीलाच सांगा: ‘हा निर्णय मी घेणार आहे, गुरुवारी संध्याकाळपर्यंत. आज मला तुमची मतं आणि तुम्हाला दिसणारे धोके हवेत.’ किंवा: ‘हे आपण मिळून ठरवायचं आहे, माझं मत एकच धरा.’ हे वाक्य बैठकीच्या निमंत्रणातही लिहा.

निर्णयांचा तक्ता

गेल्या महिन्यात टीमने घेतलेले वीसेक निर्णय आठवून एका शीटमध्ये लिहा. बारीकसारीकही धरा. प्रत्येकापुढे पाच रकाने ठेवा: निर्णय काय, शेवटचा शब्द कोणाचा, कोणाला विचारायचं, उलटवता येतो का, कोणत्या तारखेपर्यंत. ‘शेवटचा शब्द’ या रकान्यात एकच नाव येऊ द्या. सहमतीचा निर्णय असेल तर ‘टीम’ लिहा, आणि एकमत झालं नाही तर कोण ठरवणार ते पुढे कंसात टाका. दोन नावं लिहिली की तो निर्णय कोणीच घेत नाही.

शैली निवडताना आधी पाहायचं ते हे की निर्णय चुकला तर मागे फिरायला किती लागेल. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २०१५ सालच्या भागधारकांच्या पत्रात हाच भेद केला होता: काही दारं आत गेल्यावर परत उघडतात, काही उघडत नाहीत, आणि कंपन्या मोठ्या झाल्या की सगळ्याच दारांपाशी सारखाच वेळ घालवतात. एका दिवसात उलटवता येणारा निर्णय सरळ सोपवून टाका. उलटवायला महिनाभर लागणार असेल, किंवा ग्राहकाचा डेटा बदलणार असेल, तर सल्ला. त्यानंतर पाहायचं की सगळ्यात जास्त माहिती कोणाकडे आहे. ती तुमच्याकडे नसेल तर आदेश देण्याचा हक्क पदाने मिळतो, पण निर्णय बिघडतो. आणि अंमलबजावणी कोणाच्या मनावर अवलंबून आहे हेही पाहा. ऑन-कॉलची पाळी (बिघाड झाला तर कोणी धावायचं), कोड रिव्ह्यूचे (एकाचा कोड दुसऱ्याने तपासण्याचे) नियम, बैठकांच्या वेळा या गोष्टी लादल्या तर लोक कागदावर पाळतात आणि प्रत्यक्षात टाळतात. तिथे सहमतीला पर्याय नाही.

उदाहरण म्हणून हॉटेलांच्या खोल्या बुक करण्याचं सॉफ्टवेअर घ्या. गोव्यात हे काम ओळखीचं आहे.

शेवटची एकच खोली उरली आहे. ती हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर आणि एका ट्रॅव्हल पोर्टलवर एकाच क्षणी विकली गेली तर काय करायचं? प्रोग्राम आधी ‘खोली रिकामी आहे का’ हे विचारत असेल आणि नंतर वेगळ्या पायरीवर बुकिंग लिहीत असेल, तर दोघांनाही ‘रिकामी आहे’ असंच उत्तर मिळतं आणि दोन कुटुंबं सामान घेऊन एकाच दारात उभी राहतात. उपाय दोन-तीन आहेत: खोली आणि तारीख या जोडीवर डेटाबेसमध्येच एकमेव असण्याची अट घालणं, किंवा लिहिण्याआधी ती नोंद लॉक करणं, किंवा सगळी बुकिंगं एका रांगेतून सोडणं. यातलं काय निवडलं यावर पुढची दोन वर्षं उभी राहतात, कारण प्रत्येक पोर्टलशी केलेली जोडणी त्यावरच बसते. म्हणून हा सल्ल्याचा निर्णय. ज्यांनी जोडण्या लिहिल्या त्यांना विचारा, टेस्टरला विचारा, प्रॉडक्ट मॅनेजरला विचारा की ग्राहकाला दोन सेकंद थांबवलेलं चालेल का. मग टेक लीडने ठरवावं आणि कारण अर्ध्या पानात लिहून ठेवावं. नाकारलेले पर्याय आणि ते का नाकारले हेही त्यात यायला हवं, नाहीतर सहा महिन्यांनी नवा माणूस येऊन तीच चर्चा पुन्हा सुरू करतो.

जीएसटीचा दर कोडमध्ये कोरायचा की तारखेसह तक्त्यात ठेवायचा? इथे चर्चेला जागाच नाही. दर बदलत असतात आणि जुन्या बिलांवर जुनाच दर दिसला पाहिजे. तक्ता, हा आदेश. खोलीच्या फोटोंची मांडणी कशी असावी? डिझायनरवर सोपवा आणि त्यावर तुमचं मत कोणी विचारलं नाही तर देऊही नका.

निर्णयांचा तक्ता झाला की टीमसमोर ठेवा आणि एकच विचारा: ‘कोणत्या ओळीवर माझं नाव नको?’ पहिल्या फेरीत चार-पाच ओळी तरी हातातून जातील. त्या जाऊ द्या. दर तीन महिन्यांनी तक्ता पुन्हा उघडा.

नव्या माणसाला किती धरायचं, किती सोडायचं

फर्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजातून, सांकवाळच्या बिट्समधून किंवा कुंकळ्ळीच्या एनआयटीतून थेट आलेली मुलं अल्गोरिदम जाणतात. चालू असलेल्या प्रॉडक्टमध्ये हात घालण्याचा अनुभव त्यांना नसतो. दहा वर्षांचा अनुभव घेऊन बंगळुरूहून परतलेला सीनियर तुमच्या कोडमध्ये तितकाच नवा असतो. म्हणून तयारी माणसाची मोजू नका, त्या कामातली मोजा. तोच सीनियर पेमेंटच्या कामात पूर्ण मोकळा सोडावा लागतो आणि तुमच्या जुन्या रिपोर्टिंग मॉड्यूलमध्ये पहिले दोन आठवडे त्याला बोट धरून न्यावं लागतं. त्याला ते सांगून करा, नाहीतर त्याला अपमान वाटतो.

ज्युनियरसाठी क्रम असा ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत एका दिवसापेक्षा मोठं काम देऊ नका. प्रत्येक पुल रिक्वेस्ट (तपासायला पाठवलेला कोडमधला बदल) ३०० ओळींच्या आत, आणि तिचा रिव्ह्यू त्याच दिवशी. दोन दिवस रिव्ह्यू अडकला की मुलगा तोवर चुकीच्या पायावर पुढचं बांधून बसलेला असतो, आणि मग ‘सगळं पुन्हा कर’ म्हणावं लागतं. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दोन-तीन दिवसांचं काम द्या, पण कोड लिहिण्याआधी त्याने तुम्हाला दहा मिनिटांत आराखडा समजावून सांगायचा. सातव्या आठवड्यापासून आठवडाभराचं काम, आणि तपासणी फक्त मधल्या एका दिवशी.

शिकवताना उत्तर देण्याचा मोह आवरावा लागतो. तो कसा, ते जवळून पाहा. काम आहे बुकिंग रद्द केल्यावर परतावा देण्याचं. नियम असा की चेक-इनच्या ४८ तास आधी रद्द केलं तर पूर्ण पैसे परत.

‘चेक-इनची वेळ कशी साठवलीस?’
‘दुपारी दोन, सर. हॉटेलवाल्यांनी भरली तशी.’
‘आणि रद्द केल्याची वेळ?’
‘ती सर्व्हरवरून घेतली. यूटीसी.’
‘बरं. एकाने चेक-इनच्या बरोबर ४५ तास आधी रद्द केलं. त्याला पूर्ण पैसे मिळायचे नाहीत. तुझा कोड काय देईल ते कागदावर मांड. अर्ध्या तासाने बसू.’

लीडला उत्तर ठाऊक आहे. हॉटेलच्या घड्याळातले दुपारचे दोन कोडने यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ) धरले, म्हणजे भारतीय वेळेनुसार संध्याकाळचे साडेसात. हिशेब साडेपाच तासांनी पुढे सरकला, ४५ तास कोडला साडेपन्नास दिसतात, आणि हॉटेलच्या खिशातून पूर्ण परतावा जातो. हे लीडने सांगितलं असतं तर दोन मिनिटांत ही एक चूक दुरुस्त झाली असती. मुलाने स्वतः मांडलं तर वेळ साठवताना टाइमझोन लिहायचा हे तो पुढे कधी विसरणार नाही, आणि तुमच्या न बघितलेल्या दहा ठिकाणीही ते बरोबर येईल. मात्र हीच चूक प्रॉडक्शनमध्ये (ग्राहक वापरतात त्या चालू प्रणालीत) गेलेली असेल आणि पैसे जात असतील, तर शिकवणं नंतर. आधी दुरुस्ती सांगा, दुसऱ्या दिवशी कागद काढा.

‘होईल, सर’ एवढंच उत्तर आलं तर काम समजलं असं धरू नका. पहिली पायरी कोणती आणि अडकलास तर कुठे अडकशील, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.

ओळखीपाळखीच्या गावात मोकळं बोलणं

गोवा लहान आहे. टेस्टर लीडच्या कॉलेजची ज्युनियर असते, डेव्हलपर मॅनेजरच्या वाड्यावरचा असतो, दोघांचं कुलदैवत एकच निघतं. याने टीममध्ये आपलेपणा येतो आणि तो मोलाचा आहे. पण त्याच कारणाने तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हणणं जड जातं. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ च्या अभ्यासात दाखवलं की चूक बोलून दाखवायला लोकांना भीती वाटत नाही अशा टीम जास्त शिकतात आणि त्यांचं कामही सरस होतं. बोलण्याची ती मोकळीक आपोआप येत नाही, बैठकीची रचना बदलून ती आणावी लागते.

चर्चेआधी पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आपापलं मत लिहायचं. मग सगळ्यात नव्या माणसाने आधी बोलायचं, लीडने सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की लीडच्या मताभोवती बाकीची मतं गोळा होतात, आणि ती खरी वाटतात हाच त्यातला धोका. प्रत्येकाने आपल्याच प्रस्तावातला एक धोका सांगितलाच पाहिजे असा नियम ठेवा. धोका सांगणं हे कामच झालं की त्यात कोणाचा अवमान राहत नाही.

भाषेचाही विचार करा. पणजीच्या खोलीत चर्चा कोकणी-मराठीत रंगते आणि कोचीहून व्हिडिओवर जोडलेला एकटा डेव्हलपर शेवटचं इंग्रजी वाक्य तेवढं ऐकतो. निर्णय सहमतीचा असेल तर तो सगळ्यांना समजणाऱ्या भाषेतच व्हायला हवा. आणि जवळचे नातेसंबंध आहेत तिथे बढती, रजा, कोणाला कोणतं काम, हे निर्णय आधी ठरवलेल्या आणि लिहिलेल्या निकषांवर घ्या. निर्णय योग्य असला तरी कारण लिहिलेलं नसेल, तर ओळखीने झालं असंच बाहेर बोललं जातं, आणि ते मग पुसता येत नाही.

वन-ऑन-वन (प्रत्येकाशी एकेकट्याने बसून बोलणं) दर दोन आठवड्यांनी, अर्धा तास, न चुकता. कामाची प्रगती तिथे विचारू नका, ती स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) कळते. काय अडतंय, माझ्याकडून काय कमी-जास्त हवं, वर्षभराने कुठे असायचं आहे, एवढं विचारा. पुण्या-बंगळुरूला जाण्याचा विचार राजीनाम्याच्या पुष्कळ आधी याच अर्ध्या तासात डोकावतो, तो ऐकायला कोणी असेल तर.

प्रॉडक्शन बंद पडलं की

इथे मतं मागवायची नाहीत. बुकिंग बंद आहे, हॉटेलांचे फोन येताहेत, आणि चार जण चार ठिकाणी एकाच वेळी बदल करताहेत: यातूनच तासाभराचा बिघाड दिवसभराचा होतो. कोणता बदल उपयोगी पडला आणि कोणत्याने जास्त बिघडलं हे कोणालाच कळत नाही.

बिघाड ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने टीमच्या चॅट चॅनेलवर लिहायचं: ‘इन्सिडेंट सुरू. सूत्रं माझ्याकडे.’ सीनियर आला आणि त्याला सूत्रं घ्यायची असतील तर त्यानेही तसंच लिहून घ्यायची. सूत्रं ज्याच्याकडे तो कीबोर्डला हात लावत नाही, तो फक्त कामं वाटतो. एकाने दुरुस्ती करायची, दुसऱ्याने वेळेसह प्रत्येक पाऊल लिहून ठेवायचं, प्रॉडक्ट मॅनेजरने ग्राहकांना दर अर्ध्या तासाने कळवायचं, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी. गेल्या काही तासांत रिलीज झालेलं असेल तर कारण शोधत बसू नका, आधी रोलबॅक, म्हणजे मागची आवृत्ती परत आणणं. कारण नंतर सापडतं.

रोलबॅक होईल याची तयारी मात्र आधीपासून हवी. त्याच रिलीजमध्ये डेटाबेसमधला जुना कॉलम काढून टाकलेला असेल तर जुना कोड परत आणूनही चालत नाही. म्हणून कॉलम बदलायचा तो दोन रिलीजमध्ये: आधी नवा जोडा, डेटा दोन्हीकडे लिहा, आणि सगळं ठीक चाललंय हे पाहून पुढच्या रिलीजमध्ये जुना काढा. हा नियमसुद्धा आदेशातच बसतो.

पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा नसतो. ऑन-कॉलची मुख्य आणि राखीव माणसं एकाच तालुक्यातली ठेवू नका. एक पेडण्यात असेल तर दुसरा सासष्टीत असावा. घरी इन्व्हर्टर आणि वेगळ्या कंपनीचं दुसरं कनेक्शन, याचा खर्च कंपनीने द्यावा.

बिघाड मिटला की तेवढ्याच स्पष्टपणे लिहा: ‘इन्सिडेंट संपला, नेहमीचं काम सुरू.’ ही पायरी हमखास गाळली जाते. मग दोन आठवडे उलटले तरी लीड हुकमाच्याच सुरात राहतो आणि टीम प्रत्येक लहान गोष्टीला परवानगी मागते. तीन दिवसांच्या आत आढाव्याला बसा. त्यात ‘कोणी केलं’ हा प्रश्न घेऊ नका. ‘एका माणसाच्या एका चुकीने एवढं होणं शक्य कसं झालं’ हा घ्या, आणि प्रत्येक उत्तरासमोर नाव आणि तारखेसह एक काम लिहा. पाचपेक्षा जास्त कामं लिहिली तर ती होत नाहीत.

सोपवायचं ते लिहून सोपवा

‘हे तू बघ’ म्हणणं म्हणजे सोपवणं नव्हे. पाच ओळी लिहा: शेवटी काय हवं, काय बदलायचं नाही, किती दिवस आणि किती पैसे, कोणत्या दोन गोष्टींसाठी मला विचारायचं, आणि आपण मध्ये कधी बसायचं. पोर्टलांची जोडणी रांगेवर हलवण्याचं काम असेल तर ते असं दिसेल: एका पोर्टलचा बिघाड दुसऱ्यांना लागू नये, पोर्टलांना दिलेला इंटरफेस बदलायचा नाही, चार आठवडे, सर्व्हरचा खर्च आहे त्याच्या सव्वापटीच्या आत, नवी सशुल्क सेवा घ्यायची असेल किंवा तारीख पुढे जाणार असेल तर विचार, दर बुधवारी वीस मिनिटं.

यानंतर काम हळूहळू परत तुमच्याच अंगावर येतं, ते असं. माणूस प्रश्न घेऊन येतो, तुम्ही उत्तर देता. तो दुसरा आणतो. तिसऱ्या आठवड्यात सगळे निर्णय तुमचे आणि टायपिंग त्याचं. म्हणून प्रश्न आला की आधी विचारा, ‘तुझा कल कुठे आहे, आणि का?’ त्याचा रस्ता तुमच्यापेक्षा वेगळा पण चालण्याजोगा असेल तर त्यालाच जाऊ द्या. आणि एकदा सोपवलेलं मध्येच काढून घेऊ नका. तसं करावंच लागलं तर त्याला बाजूला घेऊन कारण सांगा. टीमसमोर काढून घेतलेलं काम पुढे कोणी अंगावर घेत नाही.

शैली चुकतेय हे कशावरून कळतं

एक आठवडा कागद ठेवा. कोणतंही काम तुमच्या उत्तरासाठी थांबलं की नोंद करा: काय आणि किती तास. आठवड्याअखेर ज्या प्रकारचं काम सगळ्यात जास्त थांबलं, त्या प्रकाराची शैली सैल करा. आदेश असेल तर सल्ला करा, सल्ला असेल तर सोपवा.

डेव्हलपमेंटच्या जगात चार आकडे सर्रास पाहिले जातात: रिलीज किती वेळा होतं, कोड लिहिल्यापासून ग्राहकापर्यंत पोचायला किती लागतात, किती रिलीज बिघडतात, आणि बिघडलेलं किती वेळात सावरतं. पोचायचा वेळ वाढतोय पण बिघाड तेवढेच आहेत, तर परवानग्या जास्त झाल्या. रिलीज वाढले आणि बिघडणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं, तर सोपवण्याआधी चाचण्या आणि रिव्ह्यूची जाळी बांधायची राहिली. सावरायला वेळ लागतोय, तर बिघाडाच्या वेळी सूत्रं कोणाकडे हेच ठरलेलं नाही. हे आकडे एकेका माणसाला लावू नका. लावले की लोक एका कामाचे चार तुकडे करून रिलीज मोजून दाखवतात आणि आकड्यांचा उपयोग संपतो.

सहमतीचे निर्णय लांबायला लागले तर टीम किती मोठी झाली ते पाहा. पाच जणांत परस्परांच्या जोड्या १०, नऊ जणांत ३६. स्क्रम या टीमच्या कार्यपद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत टीम साधारण १० किंवा त्याहून कमी माणसांची असावी असं म्हटलंय, ते यासाठीच. आमच्या मते आठाच्या पुढे गेलात की काम दोन भागांत तोडण्याची तयारी सुरू करावी.

आणि लेविनची कसोटी. महिन्यातून एकदा दोन दिवस खरोखरची रजा घ्या, फोन फक्त इन्सिडेंटसाठी चालू ठेवा. परत आल्यावर काय अडलं होतं ते पाहा. जे अडलं त्याची शैली बदला.

चवथ, डिसेंबर आणि परदेशातला ग्राहक

इथल्या टीमचं वर्ष कॅलेंडर पाहून आखावं लागतं. चवथीला (गणेशचतुर्थीला) माणूस मूळ घरी जातो, याला अपवाद धरू नका. त्या आठवड्यात रिलीज ठेवू नका, शेवटचं रिलीज किमान तीन कामाचे दिवस आधी. गावोगावच्या जत्रा वेगवेगळ्या तारखांना येतात. शिरगावच्या लईराई देवीचा धोंड (व्रत पाळणारा भक्त) असलेला सहकारी जत्रेआधी काही दिवस व्रतात असतो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण), मग नाताळ. रजेचा तक्ता सहा आठवडे आधी टीमने मिळून भरावा आणि लीडने त्यात फक्त एक अट घालावी: ऑन-कॉलची दोन नावं कोणत्याही दिवशी रिकामी नकोत. कोणी कोणाच्या सणाला पाळी घ्यायची ही अदलाबदल टीम आपापसात फार समजुतीने करते, तिथे लीडने मध्ये पडू नये.

डिसेंबरचा मात्र आदेश. हॉटेलांचा सगळ्यात मोठा धंदा नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत होतो. १५ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात गंभीर बिघाड सोडून कोणताही बदल प्रॉडक्शनला जाणार नाही, हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कारणासह जाहीर करा. उशिरा सांगितलं तर १४ तारखेला सगळे आपापलं काम घुसवतात आणि वर्षातलं सगळ्यात धोक्याचं रिलीज नेमकं गर्दीच्या तोंडावर जातं. १० तारखेनंतर नवं फीचर घ्यायचंच झालं तर ते फीचर फ्लॅगने (कोडमधल्या चालू-बंद करण्याच्या खुणेने) बंद ठेवूनच.

परदेशी ग्राहकांबरोबरच्या बैठकांच्या वेळा सहमतीने ठरवा, कारण त्यांची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. जर्मनी-फ्रान्समधले सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. तिथे अडचण नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या. मधल्या आठवड्यांत तिघांची मिळून ठरवलेली वेळ कोणातरी एकाला चुकते, म्हणून या चार तारखा टीमच्या कॅलेंडरवर आधीच टाका. साडेसातची बैठक तासभर चालली तर काणकोण किंवा सत्तरीला परतणाऱ्याची बस चुकते. अशा माणसाने त्या दिवशी दुपारी घरी जाऊन तिथूनच जोडावं, आणि उशिराची पाळी दर आठवड्याला फिरावी. त्या यादीत लीडचं नावही बाकीच्यांइतक्याच वेळा आलं पाहिजे.